स्टुलाचे पाय

"आता बस. बस बघू," चष्मेवाले म्हणाले.

बायको ओल्या हातांनीच आली आणि जपून स्टुलावर टेकली. स्टूल डावीकडे कललं. "अजून हलतंय हो! आणि केवढंसं करून ठेवलंत हे? गुडघे हनुवटीला लागतायत माझे."

चष्म्याच्या काचा घासण्यात या माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण करवत त्यांनी आज पहिल्यांदाच धरली होती. एक पाय कापला की दुसरा लांब वाटायचा, दुसरा कापला की तिसरा. करायला गेले एक अन् झालं भलतंच.

स्टूल लेकीचं होतं. शाळेत सुतारकामाच्या तासाला तिने ते एकटीने केलं होतं आणि सुतारमास्तरांनी दहापैकी चार गुण दिले होते. "डगमगतंय. पण सांधे छान बसलेत. घरी नेऊन पाय सारखे कर, मग पुन्हा बघतो," असं म्हणून त्यांनी लाकूड घासायची स्वतःची कानस तिला दिली होती. चार गुण मिळवून पोरगी एवढी खुशीत कशी, हे चष्मेवाल्यांना काही केल्या कळेना. तेरा वर्षांची झाली तरी ती त्यांची छकुलीच होती, तळहाताच्या फोडासारखी जपलेली. तिचे नकाशे तेच रंगवत, निबंध तेच सुचवत आणि अर्ध्या गुणासाठी बाईंच्या दारात तेच उभे राहत. रविवारी ती मैत्रिणीकडे गेली आणि यांचे हात शिवशिवले.

ती परत आली.

"बाबा, हे काय केलंत?"

"थोडं बिघडलं गं. तू काळजी करू नकोस, मी बघतो."

"मी करणार होते ना! एकच पाय जरासा घासायचा होता. मास्तरांनी दाखवलं होतं मला."

"आणि बोटाला लागलं असतं म्हणजे?"

"लागू दे की!" म्हणत ती हमसून रडायला लागली. गुणांसाठीच रडतेय, असं वाटून बापाचा जीव कळवळला. त्यांनी बाजारातल्या एका सुताराला गाठून नवंकोरं स्टूल करवून घेतलं, पॉलिशसकट.

सुतारमास्तरांनी ते उलटं करून पाहिलं. "हे हिचं काम नाही," एवढंच बोलून त्यांनी चार गुण कायम ठेवले. चष्मेवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लेकीला हाताला धरून ते तडक मुख्याध्यापकांकडे गेले. भीक नको पण कुत्रा आवर, अशा चेहऱ्याने मुख्याध्यापकांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

मास्तरांनी बापाकडे पाहिलंही नाही. "बाळ, हे तू केलंस?"

"तिनेच केलंय," चष्मेवाले म्हणाले. "सांग ना गं."

लेक जमिनीकडे बघत राहिली. "हो," ती म्हणाली.

"बरं," मास्तर म्हणाले. "नऊ देतो. माझी कानस तेवढी आणून दे."

दुसऱ्या दिवशी तिने ती परत केली. घरी मात्र चष्मेवाले आल्यागेल्याला नऊ गुणांची गोष्ट सांगत सुटले. लेक तेव्हा आतल्या खोलीत असे. रडणं नाही, रुसणं नाही. पोरगी शहाणी झाली, असं ते बायकोला म्हणाले.

परीक्षा संपल्यावर पुढच्या वर्षासाठी एक जादा विषय निवडायचा होता. चष्मेवाल्यांनी लेकीला शेजारी बसवलं.

"सुतारकामच ना? गुण चांगले आहेत तुझे."

"चालेल."

"की चित्रकला?"

"चालेल."

"अगं, चालेल काय? शिकायचंय तुला. तुला काय आवडतं ते सांग की!"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी तिला पहिल्यांदाच विचारला होता. तिने मनापासून विचार केला. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ केला. मग उत्तरासाठी ती त्यांच्याच तोंडाकडे बघत राहिली.