सुनेची सही

"बाबा, मीटर वाजत नाहीये," सून म्हणाली.

"मग सेल बदल. तुझ्या त्या खेळण्यातले सेल संपले असतील."

पाळणाघराच्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांना ऐकू जावं म्हणून झटकामिस्त्री जरा मोठ्यानेच बोलला. चालू तारेला उघडा हात लावून हसायची त्याला खोड, म्हणून हे नाव. उभा जन्म वायरिंगमध्ये गेला, पण लायसन्स त्याच्याकडे कधीच नव्हतं. लेखी परीक्षेत दरवेळी आपटायचा, शेवटी नाद सोडला. एक लायसन्सवाला ठेकेदार त्याच्या कामांवर घरबसल्या सह्या ठोकायचा. तो यंदा वारला. आणि लायसन्सवाल्याची सही नसेल तर वीज कंपनी कनेक्शन देत नाही! पण सुनेने रीतसर शिकून, परीक्षा देऊन लायसन्स काढलं होतं. मिस्त्री खूश झाला. सही आता घरातच, कागद पुढे सरकवला की काम फत्ते.

सून मात्र तपासायला आली. झाली का पंचाईत!

मीटरची एक तार तिने मेन बोर्डाच्या अर्थिंगला अडकवली होती आणि दुसरी ती एकेका सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात घालत होती. अर्थिंग तिथवर जोडलेलं असेल तरच मीटर वाजणार. पुढच्या खोलीत मीटर टुंई करून वाजला, तेव्हा मिस्त्रीने मिशीवरून हात फिरवला. मागच्या खोलीत, जिथे मुलं झोपणार होती, तिथे आवाजच नाही.

तिने सेल बदलले. तरी नाही. मग पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला.

"अगं, खोलतेस कशाला? नवा रंग खराब होईल. बाई रागावतील."

"खोला हो, खोला," बाई म्हणाल्या. "पोरांचा प्रश्न आहे."

बोर्ड बाहेर आला. सॉकेटला अर्थिंगची, झटक्यापासून वाचवणारी, हिरवी वायर अगदी घट्ट बसवलेली होती. वीतभर. तिचं दुसरं टोक भिंतीतल्या डब्यात दुमडून कोंबलेलं, कशालाच न जोडलेलं. वरवर पाहणाऱ्याला हिरवी वायर दिसली की झालं. मागच्या खोलीपर्यंत अर्थिंग ओढायचा कंटाळा आला की तो असंच करायचा, आणि हा कंटाळा त्याला बऱ्याचदा यायचा.

झटकामिस्त्रीची कानशिलं तापली. इतका नामोहरम तो परीक्षेच्या निकालालाही झाला नव्हता.

"काय झालं हो?" बाईंनी विचारलं.

आता ही सगळं ओकणार, त्याला वाटलं. घे म्हणावं, काढ एकदा सासऱ्याची अब्रू.

"आमचं काम अर्धवट राहिलंय," सून म्हणाली. "ते नीट होईपर्यंत मी सही करणार नाही. तुमचं उद्याचं उद्घाटन पुढे जाईल, माफ करा."

आमचं म्हणाली. 'यांचं' म्हणाली असती, तर तो भांडला तरी असता. आता भांडायचं कुणाशी?

बाई कपाळाला हात लावून फोन करायला बाहेर गेल्या.

"तो ठेकेदार कधी उघडून बघायचा नाही," मिस्त्री पुटपुटला, आणि बोलल्याबोलल्या त्याला स्वतःचीच शरम वाटली. काय बोललो आपण? कुणी बघत नाही म्हणून?

सून त्या वीतभर वायरकडे बघत राहिली आणि एकदम दचकली.

"बाबा, आपल्या घरी..."

पुढचं तिने विचारलं नाही. त्याने खिशातून फोन काढला. बायकोने उचलला.

"धुणं लावलंस का?"

"लावतेय. पाणी भरलंय, आता बटण—"

"थांब! मशीनला हात लावू नकोस. आधी पायात चपला घाल आणि मेन स्विच पाड."

पलीकडे बायको खळखळून हसली. "अहो, आज झालंय तरी काय तुम्हाला? घरचं फिटिंग तुमच्याच हातचं आहे ना? मग मला कसली भीती?"

सुनेने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माझ्या हातचं आहे," तो म्हणाला, "म्हणूनच सांगतोय. पाड."