डाव्या कोपऱ्यातला डाग

काळवंडलेली चांदी मला बघवत नाही. नागपुरात दसऱ्याआधी मी शेजारणीची निरांजनंसुद्धा घासून देते. मग लेकीकडे अमेरिकेत एडिसनला आले म्हणून हे हात गप्प बसणार होते का?

माझी लेक वल्लरी इथे पीएचडी करते. विषय काय, तर रोममधल्या पडक्या देवळांचे नि कमानींचे अगदी पहिले फोटो. तेव्हा म्हणे फोटो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर काढायचे. हे मला आत्ता कळलं. ती सांगायची तेव्हा मी ‘हो का’ म्हणत भाजी निवडायचे. तसा एक पत्रा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला विश्वासानं दिला होता. एकशेऐंशी वर्षांपूर्वीचा, दुसरी प्रत नाही. त्यात कमानीशेजारी, डाव्या कोपऱ्यात, नंतर पाडून टाकलेला एक बुरूज दिसतो, असं तिचं म्हणणं. चार वर्षांचा सगळा अभ्यास त्या बुरुजावर. पण वरची काच धुरकट, म्हणून खात्री होईना. त्या सकाळी तिनं काचेभोवती चिकटवलेली कागदी पट्टी सोडवली आणि म्हणाली, “आई, क्लास घेऊन येते, मग काच काढून नीट फोटो काढीन. टेबलाला हात नको लावूस हं.”

त्या दिवशी खंडेनवमी. आपण कामाच्या हत्यारांची पूजा करतो, आणि पोरीचं हत्यार हेच, असं मला वाटलं. सरळ बघितलं तर चित्रबित्र काही नाही, नुसता काळपट पत्रा. असा कसा पूजेत ठेवायचा? काच उचलली आणि टूथपावडरनं लख्ख घासला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

ती आली. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून आणलेल्या झेंडूतून तिनं पत्रा उचलला. तिरका धरला, उलट बाजूनं धरला, खिडकीपाशी नेला. असं तिरकं धरलं की कमान दिसायची म्हणे. आता तिचंच तोंड दिसत होतं. मला टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, “संपलं गं सगळं.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळपर्यंत ती पाण्यालाही शिवली नाही. मग हळूच विचारलं, “आई, काच काढून फक्त तूच बघितलंयस. डाव्या कोपऱ्यात काही होतं का?”

“होतं,” मी म्हटलं. “उभा, चौकोनी डाग होता. जाता जात नव्हता. तोच मी सगळ्यात जास्त घासला.”