अजून थोडं

मित्रांनो, दालनाच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली मी एक जुनी गादी आहे. माझ्या अंगाला घामाचा कुबट वास येतो, पण तुम्ही नाक मुरडू नका. कित्येक मुलांचे कष्ट माझ्यात मुरले आहेत.

कारखान्यात दोन बायकांनी जाड कापड शिवून माझ्या पोटात स्पंज भरला आणि मी थेट इथे आले. इथे मुलं युद्धकलेचे खेळ शिकत. कोलांट्या, हवेतल्या गिरक्या, डोक्यावरून जाणाऱ्या लाथा! उडी चुकली की मुलं माझ्यावर धपकन आदळत आणि हसत उठत. "ही आहे म्हणून आपली हाडं शाबूत आहेत," असं सर म्हणत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

सरांची मुलगीही इथेच शिके. तिचं अंग वेतासारखं लवे, म्हणून सगळे तिला वेतू म्हणत. घरी ते तिचे बाबा, पण दालनात 'सर'च म्हणायचं, असा त्यांचा दंडक होता. लेकीचे लाड केले असं कोणी म्हणू नये, म्हणून ते तिलाच जास्त दरडावत.

प्रेक्षकांसमोर करायचा मोठा प्रयोग जवळ आला. त्यात वेतूने उंच उडी घेऊन, दोन्ही पाय सरळ फाकवून जमिनीवर उतरायचं होतं. एका गारठलेल्या सकाळी ती माझ्यावर पाय ताणून बसली. अंग अजून तापलं नव्हतं. मांडी काही टेकेना.

"सर, मांडीत मागून दुखतंय. रोजच्यासारखं नाही."

"दुखल्याशिवाय अंग मोकळं होत नाही. अजून थोडं."

"सर, खरंच नको ना."

"सगळे बघताहेत. नाटकं पुरेत!"

त्यांनी तिच्या खांद्यांवर हात ठेवून भार दिला. काहीतरी तुटल्याचा आवाज झाला.

"बाबा!" वेतू किंचाळली.

मांडीचा स्नायू हाडापासून सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, पण तो पाय पुन्हा कमरेच्या वर गेला नाही. प्रयोग मात्र ठरल्या दिवशी झाला. तिच्या जागी दुसरी मुलगी उतरली.

वेतूचे कपडे न्यायला तिची आई आली. माझ्याजवळ थांबून तिने सरांना एवढंच विचारलं, "दुसऱ्याच्या लेकीला असं दाबलं असतं का तुम्ही?"

सरांनी मला गुंडाळलं आणि भिंतीशी उभं केलं. तेव्हापासून उंदीर माझा स्पंज कुरतडताहेत.

आता कुणी नुसतं कण्हलं तरी सर चटका बसल्यासारखा हात काढतात. वेतू त्यांच्याशी बोलते, पण जेवढ्यास तेवढं. दालनाची पायरी ती चढत नाही.

मित्रांनो, मला ऊन दाखवा किंवा भंगारात द्या, माझी तक्रार नाही. पण उद्या तुम्ही कुणाला शिकवायला उभे राहाल, तेव्हा समोरच्याचं 'नको' पहिल्याच वेळी ऐका.