खंडेनवमीचा हार

मित्रांनो, चाकणच्या एका लहानशा कारखान्याच्या गच्चीवर उभा असलेला मी एक जुना अँटेना आहे आणि जातीचा भित्रा आहे. वीज जिथे आधी पडते तिथेच माझं बिऱ्हाड, मग शूर होणार तरी कसा?

माझा आराखडा कारखान्याच्या मालकीण आरोहीताईंनी काढला, नळ्या कारागीर चांदभाईंनी वाकवल्या. हवामानाचे उपग्रह डोक्यावरून जाता जाता ढगांची चित्रं थेट खाली सोडतात. ती मी झेलतो; दहा-बारा मिनिटांत झेललं ते आपलं, बाकी गेलं. ताईंनी पुढे पुष्कळ अँटेने घडवले, पण पहिला मीच.

शेजारच्या उंच मनोऱ्यावर चढून नवे अँटेने बसवायचं काम बाळूचं. मी झेललेल्या चित्रात विजेचे ढग नाहीत हे पाहून ताई "जा" म्हणाल्याशिवाय तो पहिली पायरीही चढत नसे.

गेल्या खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा झाली. बाळूने मलाही झेंडूचा घसघशीत हार घातला. "तू माझा राखणदार हायेस," म्हणाला. मी हरखून गेलो. पण हार ओवला होता तारेत! ती नळ्यांना टेकली आणि मी जवळजवळ बहिराच झालो.

दुपारचं चित्र आलं ते काळ्या पट्ट्यांचं. पश्चिमेकडचं काहीच दिसेना.

"ताई, चढू का? मनोऱ्याला तोरण बांधायचं ऱ्हायलंय."

"काल मोकळं होतं, आजही असेल. जा, पटकन उरक."

बाळू चढला. माझा जीव टांगणीला लागला. मला ओरडता येत नव्हतं. तेवढ्यात मला जोडलेल्या ताईंच्या स्पीकरमधून कडकड आवाज आला, पुन्हा आला. लांबची वीज माझ्या नळ्यांत बोलत होती. ताई दाराकडे धावल्या.

"बाळू, उतर! तोरण सोड, आधी उतर!"

तो उतरून धावत आत शिरला आणि वीज मनोऱ्यावर कोसळली. अर्धं जळलेलं तोरण अंगणात पडलं.

विजा थांबल्यावर सगळे गच्चीवर आले. चांदभाईंनी हार चाचपला. "ताई, ह्यात तार आहे. चित्र ह्यानंच फाटलं."

बाळूने हार काढला. ताई मात्र म्हणाल्या, "चूक हाराची नाही. मला दिसलं नव्हतं, तरी मी जा म्हटलं."

मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण आमचे कान मोकळे ठेवा. आता हार माझ्या पायाशी असतो. भीती अजून गेलेली नाही. पण चित्रात एक जरी काळी पट्टी आली तरी ताई म्हणतात, "दिसत नाही रे, थांब." आणि बाळू पायरीवरचा पाय मागे घेतो.