लाय, ले, लेन

तपासनीस साहेबांनी टेबलावरचं पुस्तक उचललं, पुन्हा आडवं ठेवलं आणि तिसऱ्या बाकाकडे बोट केलं.

"तू ऊठ. 'काल पुस्तक टेबलावर पडून होतं.' इंग्रजीत सांग."

जमुना उठली. हरिहरला हायसं वाटलं. नववीच्या वर्गात हे हमखास येणारी तीच होती. बीएस्सी होऊन तो बार्शीटाकळीच्या या शाळेत विज्ञान शिकवायला आला होता. इंग्रजीचे मास्तर नोकरी सोडून गेल्यापासून तो विषयही त्याच्याकडेच होता. आता नोकरी कायम होणार की उन्हाळ्यात संपणार, हे आजच्या शेऱ्यावर होतं.

"यस्टर्डे द बुक ले ऑन द टेबल."

"काय?"

"ले, साहेब."

साहेब पुण्याहून नुकतेच बदलून आले होते. ते हसले.

"मले, तुले, टेबलले! अगं, तुमचं वऱ्हाडी इंग्रजीत कशाला घुसडतेस?"

मागचे बाक खिदळले.

"लाय, लाइड, लाइड. म्हण."

जमुना म्हणाली नाही. तिने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

"थे खोटं बोलाचं हाय, साहेब. पडून राहाचं लाय, ले, लेन. सरनं सांगतलं."

खिदळणं थांबलं. साहेबांनी शेऱ्याचं बुक पुढे ओढलं आणि पेनचं टोपण काढलं.

"मास्तर, हे तुम्ही शिकवलंत?"

मागच्याच आठवड्यात हरिहरने फळ्यावर दोन रकाने आखले होते, एक खोटं बोलण्याच्या 'लाय'चा, दुसरा पडून राहण्याच्या. घरून दोन वाट्याही आणल्या होत्या, एकीत मीठ, दुसरीत खायचा सोडा. दिसायला दोन्ही सारखीच. पण लिंबू पिळलं की सोडाच फसफसतो. तसे हे दोन 'लाय', असं त्याने सांगितलं होतं. लिंबू जमुनानेच पिळलं होतं.

साहेबांचं निब कागदावर टेकलं होतं. त्याच्याखाली शाईचा ठिपका पसरत चालला होता.

"नाही, साहेब," हरिहर म्हणाला. "तिचा गोंधळ झाला असेल. मी लाइडच शिकवलं."

"वाटलंच मला."

साहेबांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली.

"काम समाधानकारक आहे. फक्त या पोरांच्या जिभेवरचं ते 'ले' तेवढं काढा."

ते मुख्याध्यापकांबरोबर बाहेर पडले. वर्ग उभा राहिला आणि खाली बसला. जमुना उभीच होती.

"बस, जमुना."

"सर, एक इचारू?"

"विचार."

"'काल सर खोटं बोलले.' याच्यात लाइडच येते ना?"

या वेळी मागचे बाक खिदळले नाहीत. हरिहरने फळ्याकडे पाहिलं. फळा कोरा होता.

"हो," तो म्हणाला. "पण काल नाही. आज."

"मंग साहेबाचं बरोबरच होतं."

ती बसली. वही उघडून तिने दोन रकान्यांचं पान काढलं आणि पेन्सिल हातात घेऊन त्याच्याकडे पाहत राहिली. कोणता रकाना खोडायचा, हे तो सांगेल म्हणून ती थांबली होती.

हरिहरने खडू टेबलावर ठेवला. मुख्याध्यापकांच्या खोलीतून कपबशांचा आवाज येत होता. फाटकाशी टांगा उभा होता. साहेब अजून गेले नव्हते.