एकाला भाग जातो

निर्मळच्या डॉमनिक सरांनी आपल्या विहिरीच्या कठड्यावर चुन्यानं एक आकडा रंगवला होता: ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. तो रंगवल्यापासून त्यांच्या वाडीत जुळं केळं धरायचं बंद झालं. मी शेजारी, डोळ्यांनी बघितलंय. खोटं वाटत असेल तर विहिरीला विचारा. ती आता बुजवलीय, तेव्हा माझ्यावरच विश्वास ठेवा.

सर जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. थोरला ग्लेन आणि धाकटा जेसन, दोघे मुलगे रविवारी चर्चमधून मिस्साची प्रार्थना करून आले की एकच पाढा लावायचे: वाडीची वाटणी करा. पण वाटणीची रेघ जिथून जाणार, तिथे सरांच्या बायकोनं, लिलीनं, लावलेला मोगरा होता. ती जाऊन वर्षं झाली, मोगरा फुलत होता. सरांना आपल्या हयातीत वाडी तुटायला नको होती.

शेवटी त्यांनी दोघांना घरातल्या आल्तारपुढे, येशूच्या देव्हाऱ्यासमोर उभं केलं. "विहिरीवरच्या आकड्याला जसा भाग जाईल, तसाच वाडीलाही जाईल. हा माझा शब्द."

ग्लेन विहिरीपाशी जाऊन मोबाईल काढून भिडला. दोननं जाईना, तीननं जाईना, सातनं जाईना. वैतागून म्हणाला, "डॅडी, शेवटचा तीन पुसू या. थोडं तुम्ही सोडा."

"पूस."

पुसला. उरलेल्यालाही भाग जाईना. आणखी एक पुसला, आणखी एक. पालीची शेपटी तुटावी नि पाल भिंतीवर तशीच, असा तो आकडा. शेवटी नुसता सात उरला, तोही दात काढून हसला. सर तर टाळ्या पिटत होते. "मूळ संख्या आहे रे! मागून कितीही छाटा, उरते ती मूळच. असली ह्याहून मोठी दुसरी नाही!"

जेसन बँकेत नोकरीला. आता तो पुढे झाला. "डॅडी, मूळ संख्येची व्याख्या काय हो?"

सवयीनं सरांच्या तोंडून निघून गेलं, "जिला फक्त एकाने आणि तिने स्वतःनेच भाग..."

"एकाने जातो ना?"

"अरे, एकाने सगळ्यांनाच जातो!"

"मग झालं. दोघांना जात नाही, एकाला जातो. तो एक मी."

"आणि मी काय शून्य?" ग्लेन ओरडला.

"शून्याने तर भागताच येत नाही, दादा."

'एक सोडून' एवढे दोनच शब्द सर आल्तारपुढे म्हणायचे विसरले होते. तेवढ्याच चुकीसाठी पोरांचे गुण कापत आलेला माणूस. स्वतःला कसा सोडणार? वाडी जेसनच्या नावावर करून सही केली. ग्लेननं त्या दिवसापासून बापाचं तोंड पाहिलं नाही.

जेसननं वाडी अखंड विकली. तिथे आता लग्नाचा हॉल आहे. मोगऱ्याच्या जागी जनरेटर.

सरांना आचोळ्यात एक खोली घेऊन दिलीय. परवा मी भाजी घेऊन गेलो. म्हटलं, "सर, एकट्यानं कसं काय चाललंय?"

"एक," सर वर्गात सांगावं तसे म्हणाले, "ही संख्या मूळही नाही आणि संयुक्तही नाही."

पिशवी घेतली आणि दार लावलं.