रविवारच्या होड्या

रविराजला फोनवर बोलता येत नसे. आवाज तसा खणखणीत. टांझानियातून बोलला तरी पंचवटीतल्या शेजाऱ्यांना ऐकू जावा असा. पण एवढा आवाज लावून सांगायचं काय, तर जेवलीस का, गॅस बुक केला का, आईकडे जाऊन आलीस का, चल ठेवतो. उज्वला 'हो, हो' करायची आणि फोन ठेवल्यावर तिला वाटायचं, आपण नवऱ्याशी बोललो की बँकेच्या कॉलला उत्तरं दिली?

त्याची तिकडे सिमेंटच्या कारखान्यात नोकरी, वर्षाकाठी एक लांब सुट्टी. लेक वेदिका हैदराबादला कामाला, तिचा फोन यायचा तो जिना चढता-उतरता. घरात राहिली उज्वला, शिलाई मशीन आणि गल्लीभरच्या बायकांचे ब्लाउज.

तर दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत रविराजने दोन काळ्या डब्या आणल्या. कंपासपेटीएवढ्या. झाकण उघडलं की वर पडदा, खाली शेंगदाण्याएवढ्या बटणांचा कीबोर्ड, दोन्ही अंगांना अंगठ्याने दाबायची बटणं.

"हातात मावणारा कॉम्प्युटर आहे," तो म्हणाला. "गेम खेळायला. आणि याचं सगळं उघडं असतं."

"उघडं म्हणजे?"

"म्हणजे आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, बदलावं. कंपनी कुलूप लावत नाही."

"आणि चोर आले तर?"

"उज्वला," रविराजने हात जोडले, "एक डबी तुला, एक मला. रविवारी दुपारी खेळायचं. बस."

गेम होड्यांचा होता. नदीतून माल न्यायचा, खडक चुकवायचे, पलीकडच्या घाटाला आधी पोचेल तो जिंकला. उज्वला पहिल्यांदा खेळली ती नवऱ्याचं मन राखायला. पण रविराज तिकडे परत गेला आणि रविवारी चारच्या सुमारास दोघांच्या होड्या एकाच पाण्यात उतरल्या, तेव्हा तिच्या एक लक्षात आलं. अवघड वळण आलं की त्याची हिरवी होडी थांबायची. तिची होडी खडकाला थडकत, गोल फिरत येईपर्यंत उभी राहायची आणि मग जोडीने निघायची. शर्यतीत कोण असं थांबतं? फोनवर ज्याला दोन शब्द जास्त सुचत नाहीत, तो माणूस पाण्यात बायकोसाठी थांबायचा. उज्वला त्या थांबण्यावर आठवडा काढायची.

आणि ती डबीही तिला आवडायला लागली. गेममधलं पाणी निळंशार होतं. असलं पाणी तिने गोदावरीत उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. रंग कुठे लिहिलाय ते शोधायला तिला बरेच दिवस लागले, पण एका दुपारी तिने तो बदलला आणि नदी छान गढूळ झाली. ती कितीतरी वेळ बघतच बसली. फ्रिजपासून नवऱ्यापर्यंत घरातलं सगळं जसं आलं तसंच वापरत आलेली ती. ही एकच वस्तू निघाली, जी म्हणाली, बाई, तुला कशी हवी ते सांग.

खाली भाजी विकणाऱ्या मालनबाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या, तर ही डबीत डोकं घालून बसलेली.

"यात देवाचं काय लागतं का गं?"

"नाही लागत."

"मालिका?"

"नाही."

"मग नवरा दिसतो जणू?"

"त्यांची होडी दिसते."

"होडी!" मालनबाईंनी कपाळाला हात लावला. "लय शिकलेली येडी हायेस बघ तू. घे, माप घे. दंडाला सैल ठेव."

मग एकदा कापायची कात्री नेमकी डबीवर पडली आणि पडद्याचा चुरा झाला. ज्या छोट्या कंपनीने डब्या बनवल्या, तिने तोवर दुकान बंद केलं होतं. डबीवाल्यांचा इंटरनेटवर एक फोरम होता, तिथे कुणीतरी सांगितलं की अमुक दुसऱ्या मशीनचा पडदा यात बसतो. तिने तो मागवला, बारीक पेचकसाने डबी खोलली आणि बसवला. अंगठ्याएवढा स्क्रू फरशीवर पडला तर सापडतो, तिच्या हातून निसटला तो तर तिळाएवढा. तो शोधण्यात एक संध्याकाळ गेली. पण डबी चालू झाली, आणि पुढच्या रविवारी हिरवी होडी वळणावर उभी होती.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी मात्र डबीने तिला पाण्यात घेतलंच नाही. पडद्यावर एक ओळ आली: तुमची आणि समोरच्याची आवृत्ती वेगळी आहे.

तिने फोन लावला. "अहो, असं काय म्हणतंय हे?"

"मी अपडेट केलं ना. तूही कर, पाच मिनिटांचं काम आहे."

तिने केलं. डबी सुरू झाली ती उलटी. नदी वर, आभाळ खाली, होड्या वटवाघळांसारख्या लटकलेल्या. नव्या आवृत्तीला तिचा उसना पडदा ओळखता येईना.

"तुम्हीच जुनं घाला ना परत," ती म्हणाली.

"आता कसं घालू? बाकीचे सगळे नव्यावर आहेत."

"बाकीचे कोण?"

"असतात गं. नव्यात कुणालाही येता येतं. कुठकुठले लोक असतात." आणि जरा थांबून, "गॅस बुक केला का?"

कुणाला तरी सांगायला हवं म्हणून तिने मोबाइलवरून भाषांतर करत फोरमवर लिहिलं. एकाने उत्तर दिलं, माझ्याकडे चालतं. दुसरा म्हणाला, तुम्हीच दुरुस्त करा आणि आम्हालाही कळवा. आता काय म्हणावं! सगळ्यांचं आहे ते ठीक, पण भांडायचं झालं तर मालक सापडत नाही. दुकानदार असता तर तिने दारात जाऊन उभ्याउभ्या पैसे मागितले असते.

लग्नसराईचे ब्लाउज आले आणि गेले. रविवारी चार वाजले की तिला हातात काहीतरी लागायचं, म्हणून ती उलटी डबी घेऊन बसायची. एकेक ओळ वाचायची, काय कशाला लागतं ते उसवून बघायची. न शिकवता शिलाई शिकली तशीच. रविराज फोनवर विचारायचा, "झालं का गं चालू?" पुढे पुढे त्याने विचारायचं सोडलं. त्याला राग नव्हता; तो विसरला होता, आणि ते जास्त लागत होतं.

संक्रांतीच्या सुमारास चित्र सरळ झालं. काय केलं ते तिने फोरमवर टाकलं, तर कुठल्याशा देशातून उत्तर आलं, 'थँक यू, सर.' ती एकटीच मोठ्याने हसली. हसण्यात कुणी सामील नाही हे लक्षात यायला क्षण लागला.

चित्र सरळ झालं होतं, पण बटणं उलटी झाली होती. डावं दाबलं की होडी उजवीकडे. तेही नीट करून मगच जावं, असं तिने ठरवलं होतं. पण रविवार होता, चार वाजले होते, आणि माणसाने किती धीर धरायचा? रविराजला न सांगता ती तशीच पाण्यात शिरली.

नवीन आवृत्तीत तिचं नावही पुसलं गेलं होतं. तिच्या होडीवर नुसतं 'पाहुणा' लिहिलेलं. पाण्यात बऱ्याच होड्या होत्या, त्यांत ती हिरवी. शिटी झाली आणि सगळ्या सुसाट निघाल्या. उज्वला डावीकडे जाते म्हणून उजवीकडे गेली, खडकावर आपटली, मागे आली, पुन्हा आपटली. होड्या दिसेनाशा झाल्या. कशीबशी ती पहिल्या वळणाला लागली, तर तिथे हिरवी होडी उभी.

तिला इतकं बरं वाटलं. आणि मग ध्यानात आलं, त्याला कुठे माहीत आहे ही मी आहे?

तो पाहुण्यासाठी थांबला होता. कोण कुठल्या पाहुण्यासाठी. म्हणजे इतके दिवस तो थांबत होता तोही असाच? मागे पडणाऱ्या कुणासाठीही?

नव्या आवृत्तीत लिहून बोलायचीही सोय होती. पडद्याच्या कडेला त्याची ओळ उमटली, इंग्रजीत. "नवीन का?"

तिने तसल्याच मोडक्या इंग्रजीत लिहिलं, "हो."

"सवय होईल. घाई नको. कुठून?"

"नदीजवळून."

"आमच्या गावालाही नदी आहे," त्याने लिहिलं. "लहानपणी मी घाटावर तासन्‌तास बसायचो. आता सुट्टीत जातो तेव्हा वेळच होत नाही. इथे नदी नाही. फक्त धूळ."

उज्वलाचे अंगठे थांबले. घाट घरापासून हाकेच्या अंतरावर. 'चला ना संध्याकाळी,' असं ती दर सुट्टीत म्हणायची आणि तो म्हणायचा, काय आहे तिथे, गर्दी.

ती काही न लिहिता खेळातून बाहेर पडली.

संध्याकाळी फोन आला. जेवलीस का, वगैरे झालं. मग स्वतःहून म्हणाला, "आज एक नवीन माणूस आला होता गं खेळायला. अगदीच कच्चा. डावं-उजवं कळत नव्हतं."

"मग?"

"थांबलो त्याच्यासाठी. एकटाच मागे राहिला होता बिचारा."

गप्प राहिली असती तर दर रविवारी तो पाहुण्याशी बोलला असता. घाटाबद्दल, धुळीबद्दल, आणखी कशाकशाबद्दल. मोह फार मोठा होता. पण चोरून ऐकलेलं आपलं होत नाही, असं तिला वाटलं.

"अहो, ती मी होते."



"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही 'नवीन का' विचारलंत. मी हो म्हटलं."

"वेडी आहेस," तो म्हणाला, आणि ओशाळून हसला. "चल, ठेवतो."

पुढच्या रविवारपर्यंत तिने बटणं सरळ केली. होडीवर आपलं नाव घातलं, नदी पुन्हा गढूळ केली. दोघांच्या होड्या सोबत निघाल्या, बाकीच्या पुढे गेल्या. पहिल्या वळणावर त्याची ओळ आली, इंग्रजी अक्षरांतलं मराठी:

"जेवलीस का?"

उज्वलाला हसू आलं. पाहुण्याला नदी, बायकोला जेवण. तिने 'हो' लिहिलं, पुसलं. मग पाहुण्याने विचारावं तसं विचारलं, "तुमच्या खिडकीतून काय दिसतं?"

हिरवी होडी जागच्या जागी हलत होती. ती निघून जाईल असं उज्वलाला वाटलं.

"भिंत," त्याने लिहिलं.

"आणि?"

होडी निघाली नाही. उज्वलानेही आपली पुढे काढली नाही. गढूळ पाण्यात दोघी शेजारी डुलत राहिल्या, आणि ती त्याच्या पुढच्या ओळीसाठी पडद्याच्या कडेकडे बघत बसली.